लाल डगल्यांतली मुलगी

बर्फाशीं आम्हां महाराष्ट्रीयांचा परिचय तो कितीसा! उन्हाळ्यांत सरबतांत टाकलेला खडा, किंवा रस्त्यावरच्या गाड्यावर रंगीत पाक ओतून मिळणारा गोळा, एवढ्यावर आमचें बर्फज्ञान संपतें. त्यामुळें पायांत पोलादी पात्यांचे जोडे चढवून गोठलेल्या पाण्यावर नाचण्याची कला आम्हांला प्रथमदर्शनीं जादूच्या खेळासारखी वाटली, तर त्यांत नवल नाहीं. मीही हा खेळ पुष्कळ उशिरां पाहूं लागलें. पुतण्यानें एकदां संगणकाच्या पडद्यावर तो दाखविला आणि तेव्हांपासून घरांतलीं कामें आटोपलीं कीं मधून मधून मी पाहत असतें. सासूबाई म्हणतात, "या वयांत तुला हें काय वेड लागलें?" आणि असें म्हणत म्हणत त्याही आपली खुर्ची जवळ ओढून घेतात.

ज्या मुलीविषयीं आज लिहावयाचें आहे तिचें नांव यूलिया लिपनित्स्काया. पण तिच्याकडे वळण्यापूर्वीं या खेळाबद्दल दोन शब्द सांगणें अवश्य आहे. कारण तिचें चढणें काय आणि पडणें काय, दोहोंचें मर्म त्या खेळाच्या रचनेंतच दडलेलें आहे.

"फिगर स्केटिंग" या नांवांतला "फिगर" शब्द कोठून आला हें आज त्या खेळाचे चाहतेही विसरत चालले आहेत. पूर्वीं या खेळांत उड्यांना एवढें महत्त्व नव्हतें. स्वच्छ बर्फावर एका पायाच्या धारेनें आठाच्या आंकड्यासारख्या आकृति काढावयाच्या, त्याच रेषेवरून पुनः पुनः फिरावयाचें, आणि तरीही रेषा फांकूं द्यावयाची नाहीं, ही खरी परीक्षा असे. आकृति पुरी झाली कीं परीक्षक बर्फावर वांकून ती बारकाईनें न्याहाळीत. आमच्या आज्या अंगणांत ठिपक्यांची रांगोळी काढीत आणि शेजारीण येऊन एखादा ठिपका चुकला आहे काय तें पाही, तसलाच हा प्रकार! यांत घाई उपयोगाची नसे. वर्षानुवर्षांचा सराव, स्थिर चित्त आणि पायावरचा ताबा यांनाच तेथें मोल होतें. नॉर्वेच्या सोन्या हेनीसारखी एखादी विलक्षण मुलगी १९२८ सालीं पंधराव्या वर्षीं ऑलिंपिक जिंकून गेली खरी; पण एकंदरींत धीर धरणाऱ्यांचेंच पारडें जड राही. पुढें दूरचित्रवाणी आली. तिच्या प्रेक्षकांना हें रेषा काढणें कंटाळवाणें वाटूं लागलें, आणि १९९० नंतर मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून तें काढून टाकण्यांत आलें. रेषा गेल्या, उड्या राहिल्या. मला हा फरक दिसतो तितका किरकोळ वाटत नाहीं.

आतां उडी म्हणजे काय तें पाहा. पात्याच्या तळाला मधोमध खोबण असते आणि तिच्या दोहों बाजूंस दोन धारा, एक आंतली व एक बाहेरची. चवड्यापाशीं करवतीसारखे दांते असतात. कोणत्या पायाच्या कोणत्या धारेवरून, दांत्याची मदत घेऊन कीं न घेतां, झेप घेतली यावरून उड्यांचीं सहा नांवें ठरलेलीं आहेत. पांच उड्या पाठमोऱ्या घ्यावयाच्या. अ‍ॅक्सेल नांवाची एकच समोर तोंड करून, आणि म्हणून तिच्यांत अर्धा फेरा अधिक. तीन फेऱ्यांच्या उडींत खेळाडू हवेंत पाऊण सेकंदही नसतो. तेवढ्यांत तीन वेळां गरकन् फिरून, पाव इंचाहूनही अरुंद अशा पात्यावर, एका पायानें, पाठमोरें उतरावयाचें! हात छातीशीं घट्ट आवळले कीं अंग भोंवऱ्यासारखें वेगानें फिरूं लागतें. अंग जितकें सडपातळ तितका हा वेग अधिक. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला हें अंग निसर्गतःच लाभलेलें असतें. मग वर्ष-दोन वर्षांत तिची उंची वाढते, कंबर रुंदावते, वजन वाढतें, आणि शरीरानें सहस्र वेळां घोकून पाठ केलेलें माप एकाएकीं खोटें ठरतें. ज्या वयांत आमच्या लहानपणीं आई परकराला खालीं पट्टी जोडून देई आणि "पोर उंच झाली" म्हणून कौतुक करी, त्याच वयांत तिकडे दर सकाळीं वजनाच्या कांट्यापुढें पोरीचा जीव धास्तावलेला असतो.

त्यांतून गुण देण्याची रीतही पालटली. २००२ सालच्या सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकांत परीक्षकांच्या पक्षपाताचें मोठें प्रकरण झालें आणि सहापैकीं गुण देण्याची जुनी पद्धत त्यानंतर दोन-तीन वर्षांत मोडींत निघाली. नव्या पद्धतींत प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला आपापली किंमत आली. थकलेल्या पायांनीं उत्तरार्धांत घेतलेल्या उडीला दहा टक्के अधिक गुण मिळूं लागले. गिरकी घेतांना शरीर जितकें असाध्य रीतीनें वांकवावें तितकी तिची पायरी वरची. हिशेब चोख झाला, हें कबूल केलें पाहिजे. पण वाण्याच्या दुकानाप्रमाणें प्रत्येक वस्तूवर दर चिकटविला म्हणजे गिऱ्हाईक कोणत्या मालाकडे धांवेल तेंही ठरून जातें. लवचीक आणि हलकें, न थकणारें पोरवय हाच तो माल होता.

यूलियाचा जन्म ५ जून १९९८ रोजीं उरल पर्वताच्या पायथ्याशीं वसलेल्या येकातेरिनबुर्ग शहरीं झाला. तिला आईनें एकटीनें वाढविलें. चौथ्या वर्षीं आईनेंच तिला बर्फावर नेलें. मुलीचें अंग असें कांहीं लवचीक कीं एक पाय वर उचलून कानाशीं सरळ उभा धरावा, दोहों हातांनीं कवटाळावा आणि दुसऱ्या पायावर मेणबत्तीसारखें ताठ उभें राहून फिरावें, ही गिरकी पुढें तिची ओळख होऊन बसली. अकरावें वर्ष अजून पुरें व्हावयाचें होतें तेव्हां, म्हणजे २००९ सालीं, मायलेकींनीं आपलें शहर सोडलें आणि सुमारें हजार मैल दूर असलेलें मॉस्को गांठलें. तेथें एतेरी तुतबेरिद्झे नांवाच्या शिक्षिकेच्या हाताखालीं मुलीचा अभ्यास सुरू झाला. आज या बाईंचें नांव जगभर गाजलें आहे. त्या वेळीं तें फारसें कोणाला ठाऊक नव्हतें. शिष्येनें गुरूला नांव मिळवून दिलें असेंच येथें म्हटलें पाहिजे.

एकट्या बाईनें दहा वर्षांच्या मुलीला घेऊन परक्या राजधानींत बिऱ्हाड करावें, तेंही ज्याची कांहींएक शाश्वति नाहीं अशा गोष्टीसाठीं, याचा विचार मी पुष्कळदां करतें. आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांत असा बेत निघाला तर तो चार जणांच्या तोंडून चाळून निघतो. आजी एक बोलते, काका दुसरें बोलतात, खर्चाचा आंकडा कागदावर मांडला जातो आणि बहुतेक वेळां बेत त्या कागदावरच राहतो. त्या दोघींना अडविणारें कोणी नव्हतें, आणि सांवरणारेंही कोणी नव्हतें.

तिसऱ्याच वर्षीं फळ दिसूं लागलें. २०११ च्या मोसमांत कुमारांच्या जागतिक मालिकेंतल्या पोलंड व इटली येथील दोन्ही स्पर्धा तिनें जिंकल्या, डिसेंबरांत कॅनडांतील क्वेबेक येथें मालिकेची अंतिम स्पर्धाही जिंकली, आणि २०१२ च्या मार्चमध्यें मिन्स्क येथें ती कुमारांची जगज्जेती झाली. वय वर्षें तेरा! त्याच हिवाळ्यांत रशियाच्या प्रौढांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत तिनें दुसरा क्रमांक मिळविला होता. पुढच्या वर्षीं सरावांत पडून हनुवटीला जखम झाली, मेंदूला हादरा बसला आणि मोठ्या अंतिम स्पर्धेंतून तिला माघार घ्यावी लागली. कुमारांच्या जागतिक स्पर्धेंत त्या वर्षीं ती दुसरी आली. जखमेची बातमी वृत्तपत्रांत दोन ओळींत आटोपली होती. तेराचौदा वर्षांच्या पोरीच्या डोक्याला मार बसला तर घर कसें हवालदिल होतें हें ज्यांनीं अनुभवलें आहे त्यांना त्या दोन ओळींचा अर्थ सांगावयास नको.

येथें एक तारखेची मौज सांगितली पाहिजे. त्या काळच्या नियमाप्रमाणें ऑलिंपिकांत उतरणाऱ्या खेळाडूला त्याआधींच्या जुलैच्या पहिल्या तारखेपूर्वीं पंधरा वर्षें पुरीं झालेलीं असावीं लागत. यूलियाला पंधरावें पुरें झालें ५ जून २०१३ रोजीं. अवघ्या सव्वीस दिवसांनीं ती आंत बसली! महिनाभर उशिरां जन्मती तर सोची येथील २०१४ च्या ऑलिंपिकचें दार तिला बंद होतें. पंचांगांतल्या मुहूर्तावर हंसणाऱ्या आमच्या घरच्या सुशिक्षित मंडळींना मी हें उदाहरण मुद्दाम सांगत असतें.

आणि सोचीचें महत्त्व रशियाला कांहीं निराळेंच होतें. १९६४ पासून २००६ पर्यंत एकही हिवाळी ऑलिंपिक असें गेलें नव्हतें कीं ज्यांत सोव्हिएत वा रशियन स्केटरांनीं सुवर्णपदक आणलें नाहीं. २०१० सालीं व्हँकूव्हर येथें ती परंपरा तुटली. शिवाय स्त्रियांच्या एकेरी स्पर्धेंतलें सुवर्णपदक तर त्या देशाच्या वाट्याला कधींच आलेलें नव्हतें. आतां ऑलिंपिक स्वतःच्या घरीं. एवढ्या मोठ्या राष्ट्राची भूक चार-दोन कोवळ्या मुलींच्या खांद्यावर येऊन टेकली होती. २०१३ च्या शरद ऋतूंत यूलियानें कॅनडा व मॉस्को येथील स्पर्धा जिंकल्या; जपानांत फुकुओका येथें माओ असादाच्या मागोमाग दुसरी आली; आणि २०१४ च्या जानेवारींत बुडापेस्ट येथें युरोपची विजेती झाली. इतक्या लहान वयांत तो मान तोंवर दुसऱ्या कोणत्याही मुलीला मिळालेला नव्हता.

९ फेब्रुवारी २०१४ च्या रात्रींचा तो खेळ मीं किती वेळां पाहिला असेल याची गणति नाहीं. सांघिक स्पर्धा ऑलिंपिकांत प्रथमच ठेविली होती आणि रशियाच्या बाजूनें स्त्रियांचे दोन्ही भाग या पंधरा वर्षांच्या मुलीवर सोंपविलेले होते. तिनें संगीत निवडलें होतें तें "शिंडलर्स लिस्ट" या १९९३ च्या चित्रपटांतलें. ज्यांनीं तो चित्रपट पाहिला आहे त्यांना आठवेल: क्राकोच्या यहुदी वस्तींतून सैनिक माणसांना हुसकावून नेत आहेत, सगळें चित्र काळेंपांढरें आहे, आणि त्या गर्दींतून एक चिमुकली मुलगी लाल डगला घालून एकटीच चालली आहे. पुढें तोच लाल रंग प्रेतांच्या गाड्यावर दिसतो. इल्या आवेरबुख यानें बसविलेल्या या नृत्यांत यूलिया ती मुलगी झाली होती. अंगांत गळ्याशीं मिटलेला, डगल्याच्या बेताचा लाल पोषाख. एवढा भयंकर विषय खेळाच्या आखाड्यांत आणावा कीं नाहीं याबद्दल त्या वेळीं मतभेद झाले, आणि ते अगदीं निराधार होते असें मी म्हणणार नाहीं. पण पाहतांना मला जें जाणवलें तें सांगतें. ही मुलगी अभिनय करीत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर लोकांना खूष करणारें हंसू नव्हतें. कपाळाला बारीकशी आंठी, ओंठ मिटलेले, नजर कोठेंतरी दूर. प्रेक्षक तिच्या नांवाचा गजर करीत होते आणि ती मात्र त्या गजरांतून, चित्रांतल्या पोरीसारखीच, एकटी चालली होती. एकामागून एक सगळ्या उड्या स्वच्छ उतरल्या. शेवटच्या गिरकींत ती इतक्या वेगानें फिरूं लागली कीं तांबड्या रंगाची नुसती एक उभी रेघ दिसत होती. सासूबाईंनीं हातांतली जपमाळ तशीच धरून ठेविली आणि म्हणाल्या, "अग, हिला कोणीतरी दूध द्या ग गरम!"

१४१.५१ गुण पडले. रशियाला सांघिक सुवर्णपदक मिळालें. हिवाळी ऑलिंपिकांत सुवर्ण मिळविणाऱ्या रशियन खेळाडूंत तोंवर इतकें लहान कोणी झालें नव्हतें. राष्ट्राध्यक्ष पुतिन यांनीं स्वतः जवळ घेऊन तिचें अभिनंदन केलें व तें चित्र जगभर छापलें गेलें. मधल्या दिवसांत ती सरावासाठीं मॉस्कोला गेली. पण वार्ताहर तेथेंही तिच्या मागें होते.

दहा दिवसांनीं एकेरी स्पर्धा सुरू झाली. पहिल्या भागांत ती एका उडींत पडली. दुसऱ्या भागांत, त्याच लाल पोषाखांत, पुनः पडली. एकंदर पांचवी आली. सुवर्णपदक रशियालाच मिळालें, पण तें आदेलिना सोत्निकोवा या तिच्या सतरा वर्षांच्या सोबतिणीला. तो निकाल बरोबर कीं कोरियाच्या किम यू-नाचा हक्क डावलला गेला, याचा वाद अद्याप मिटलेला नाहीं व मला त्यांत शिरावयाचें नाहीं. मला आठवतो तो वार्ताहरांचा लोंढा, दहा दिवसांपूर्वीं इकडे वाहत असलेला आणि त्या रात्रीं दुसरीकडे वळलेला. महिन्याभरानें जपानांत सैतामा येथें जागतिक स्पर्धेंत यूलियानें रौप्यपदक मिळविलें, पण तें आज कोणाच्या ध्यानांतही नाहीं. पंधराव्या वर्षीं जगांत दुसरी! आमच्याकडे एखादी मुलगी शालान्त परीक्षेंत विभागांत दुसरी आली तर पेढे वांटतात.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे, कारण ती लांबविण्यांत कांहीं पुण्य नाहीं. शरीर वाढलें. उड्या बिघडल्या. त्याच वर्षीं, डिसेंबरांत, राष्ट्रीय स्पर्धेंत ती नववी आली. २०१५ च्या नोव्हेंबरांत तिनें गुरु बदलला आणि १९९४ चा ऑलिंपिक विजेता अलेक्सेइ उर्मानोव्ह याच्याकडे ती सोचीला गेली. २०१६ च्या नोव्हेंबरांत मॉस्कोच्या स्पर्धेंत, नाच अर्ध्यावर आला असतां, ती एकाएकीं थांबली. कंबरेच्या सांध्याची दुखापत असह्य झाली होती. परीक्षकांशीं बोलून ती पुनः बर्फावर आली, राहिलेला भाग तिनें कसाबसा पुरा केला, आणि बाराव्या, म्हणजे शेवटच्या, क्रमांकावर तिची शेवटची मोठी स्पर्धा संपली. ती तेव्हां अठरा वर्षांची होती.

२०१७ च्या ऑगस्टांत तिच्या आईनें वृत्तसंस्थेला सांगितलें कीं मुलीनें खेळ सोडला आहे. युरोपांत तीन महिने उपचार घेऊन आल्यावर एप्रिलमध्येंच तिनें तसें कळविलें होतें. उपचार कसले, तर अनोरेक्सिया या रोगावर. या रोगाला आपल्या भाषेंत चांगलेंसें नांव नाहीं. अरुचि म्हणावें तर ती निराळी. हींत भूक मरत नाहीं, माणूसच भुकेशीं वैर धरतें. ताटांतला घांस शत्रु वाटूं लागतो आणि आरशांत हाडें दिसत असतांही मन म्हणतें, अजून थोडें कमी झालें पाहिजे. पुढें सप्टेंबरांत यूलिया स्वतः बोलली. हा रोग या शतकाचा आहे आणि तो विरळा नाहीं, दुर्दैवानें सर्वांनाच त्यावर मात करतां येत नाहीं, आणि आपण उपचाराला यापूर्वींच गेलों नाहीं एवढेंच आपल्याला वाईट वाटतें, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. एकोणीस वर्षांच्या मुलीनें जगापुढें हें इतक्या सरळपणें सांगितलें याचें मला तिच्या सगळ्या पदकांहून अधिक कौतुक वाटतें. त्या खेळांत ज्या गोष्टी घरोघर ठाऊक होत्या व कोणी उच्चारीत नव्हतें, त्यांना तिनें नांव दिलें.

हें वाचलें तेव्हां मला "कुमारसंभव" आठवलें. पार्वती तपाला निघाली तेव्हां आई मेना हिनें "अग, नको" म्हणून तिला अडविलें, आणि त्यावरूनच तिचें उमा हें नांव पडलें असें कालिदास सांगतो. आई अडविते, बाप हिमालय परवानगी देतो, मुलगी जाते. पुढें ती गळून पडलेलीं पानें खाणेंही सोडते आणि तिला अपर्णा हें नांव मिळतें. अपर्णा! हें नांव आम्हीं आमच्या मुलींना किती सहज ठेवितों, आणि बारशाच्या दिवशीं घुगऱ्या वांटतांना त्याचा अर्थ कोणाच्या मनांतही येत नाहीं. कवीच्या काव्यांत शेवटीं साक्षात् शंकर समोर उभा राहतो आणि तपाचा सगळा शीण एका क्षणांत नाहींसा होतो. बर्फावरच्या तपाला असा कोणी शंकर बांधलेला नाहीं. तेथें आहे तें कोष्टक.

हें सगळें मी इतकें उगाळीत बसलें याला घरचेंही एक कारण आहे. माझ्या धाकट्या दिरांची नात दहा वर्षांची आहे. मुलगी कसरतींत फार चलाख. चार वर्षें ती शिकते आहे आणि दोन मोठ्या स्पर्धांतून पदकें घेऊन आली आहे. गेल्या उन्हाळ्यांत तिच्या शिक्षकांनीं सुचविलें कीं मुलीला पुढें न्यावयाचें असेल तर दुसऱ्या शहरीं, चांगल्या शिक्षकांपाशीं, वसतिगृहांत ठेवावी. वय हेंच आहे, आणखी दोन वर्षांनीं उपयोग नाहीं. झालें! घरांत दोन पक्ष पडले. भावोजी म्हणाले, "वहिनी, पोरीच्या अंगांत गुण आहे, तो मारणारे आपण कोण?" तिची आजी, माझी जाऊ, म्हणाली, "वेणी घालतां येत नाहीं अजून तिला नीट, आणि तिला परगांवीं धाडतां?" मुलीच्या आईनें कोणाचीच बाजू घेतली नाहीं, ती नुसती भाजी निवडीत बसली होती. पण दुसऱ्या दिवशीं मला एकटीला गांठून तिनें विचारलें, "काकू, मी नोकरी सोडून तिच्याबरोबर गेलें तर?" तेव्हां मला यूलियाच्या आईचें मॉस्कोंतलें बिऱ्हाड आठवलें. सोबत आई होती, म्हणून कांहीं टळलें का? आणि आई नसती तर त्या रोगांतून मुलगी परत आली असती का? या दोन प्रश्नांपैकीं एकाचेंही उत्तर मला देतां आलें नाहीं. मीं तिला एवढेंच म्हटलें कीं, जेथें मुलीला न्यावयाची तेथें आधीं आपण जाऊन चार दिवस राहावें आणि त्या मुलींना ताटांत काय वाढतात, त्या तें खातात कीं नाहीं, आणि जेवतांना त्या आपसांत बोलतात कीं गप्प असतात, हें डोळ्यांनीं पाहून यावें. पदकांची यादी कोणीही दाखवील.

त्या पोरीला मीं यूलियाचा तो लाल डगल्यांतला खेळ दाखविला. म्हटलें, काय म्हणते पाहूं. तिनें श्वास रोखून शेवटपर्यंत पाहिला आणि मग एकच प्रश्न विचारला: "आजी, ती उडी मारायच्या आधीं पाय मागें नेते, तो बरोबर केव्हां नेते? पुनः लाव ना!" माझ्या डोळ्यांत पाणी होतें आणि तिच्या डोळ्यांत ती उडी होती. मुलांच्या या बाजूचा विचार आम्हीं वडील मंडळी फार थोडा करतों. खेळ त्यांच्यावर नेहमींच कोणी लादलेला असतो असें नाहीं. त्यांच्या हातापायांना तो आतून हांका मारीत असतो. येकातेरिनबुर्गच्या त्या मुलीलाही त्यानें हांक मारली नसेल असें मला म्हणवत नाहीं.

यूलियानंतर त्याच शिक्षिकेच्या हाताखालून मुलींची रांगच निघाली. २०१८ सालीं अलिना झागितोवा पंधराव्या वर्षीं ऑलिंपिक विजेती झाली. तिनें आपल्या सगळ्या उड्या उत्तरार्धांत ठेवून अधिक गुण मिळविले व त्यामुळें तो नियमच पुढें बदलावा लागला. पण दोन वर्षें उलटण्याच्या आंत तीही स्पर्धांतून बाजूला झाली. २०२२ सालीं बीजिंग येथें कामिला वालियेवा ही पुनः पंधरा वर्षांचीच मुलगी आली, आणि आदल्या २५ डिसेंबरला घेतलेल्या तपासणींत निषिद्ध औषध सांपडल्याचें स्पर्धा चालू असतांना उघड झालें. त्या गदारोळांतही तिला बर्फावर उतरविलें गेलें. ती पडत राहिली, उठत राहिली, आणि साऱ्या जगाच्या देखत रडत बाहेर आली. २०२४ च्या जानेवारींत तिला त्या तारखेपासून चार वर्षांची बंदी झाली. औषध तिच्या पोटांत कसें गेलें याबद्दल मोठ्यांनीं मोठमोठे युक्तिवाद केले. शिक्षा पोरीला झाली.

या प्रकरणानंतर २०२२ च्या जूनमध्यें आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघानें प्रौढांच्या स्पर्धांसाठीं वयाची मर्यादा पंधरावरून टप्प्याटप्प्यानें सतरा करण्याचें ठरविलें. ठरावाला शंभर मतें अनुकूल पडलीं, सोळा प्रतिकूल. ठराव योग्य झाला असेंच माझें मत आहे. निदान दोन वर्षें तरी पोरींना वाढावयास मिळतील. आणि तरीही मन हिशेब करूं लागतें. यूलियाच्या वेळीं हा नियम असता तर ती सतरा वर्षांची झाली असती २०१५ च्या जूनमध्यें. सोची तेव्हां सव्वा वर्ष मागें पडलें होतें. उड्या हातच्या जाऊं लागल्या होत्या. बुडापेस्ट नाहीं, सैतामा नाहीं. तो लाल डगला कुमारांच्या एखाद्या स्पर्धेंत शे-दोनशे प्रेक्षकांनीं पाहिला असता आणि विसरून गेले असते. सासूबाईंना मीं हें सांगितलें तेव्हां त्या कांहीं वेळ माळ ओढीत राहिल्या. मग त्यांनीं विचारलें, "आतां कशी आहे ती मुलगी?"

मीं सांगितलें कीं २०२० सालीं तिला मुलगी झाली.

"बर्फावर नेते का तिला?" त्यांनीं विचारलें.